सुंभाने बांधलेली पिशवी

आमच्या घरात गोष्ट लपून राहत नाही. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाची साडी कुठल्या दुकानातली, कुणी कुणाला फोन केला आणि का ठेवला, सगळं सगळ्यांना ठाऊक. माझ्या नवऱ्याला तर माझी कुठली दाढ किडलीय तेही माहीत आहे. पण ही एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी हिच्यावरून पटकन पुढे सरकते. म्हणजे तुम्ही पहिलेच. बसा जरा. मला सरळ सांगायला जमेल असं वाटत नाही, इकडून तिकडून येईन मी.

आधी जागा सांगते. मी गोव्यातल्या आमोण्याची सून. मांडवीच्या काठाला आमचं खाजन आहे. नदीचं भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत शेती करायची, तिला आमच्याकडे खाजन म्हणतात. बांधात एक लाकडी दार असतं, मानस. भरतीला बंद, ओहोटीला उघडं. पावसाळ्यात भात, आणि भात कापून झालं की हिवाळ्यात मिरची, तांबडी भाजी, चवळीसारखे थोडे अळसांदे. माती चाखलीत तर खारट लागेल. मी चाखलीय. लग्न होऊन आले तेव्हा माझा विश्वासच बसेना की यात काही उगवतं.

कारण मी लाटंबार्श्याची. आमच्याकडची माती तांबडी, काजूची, गोड. आणि वर मी बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. त्या वयात पदवी डोक्यात जायला वेळ लागत नाही, माझ्या तर लगेच गेली. पहिल्याच हिवाळ्यात मी सासूबाईंकडून एक वाफा मागून घेतला, पुस्तकात वाचलं होतं तसं सगळं केलं, आणि महिन्याच्या आत माझी रोपं कडेने करपून आडवी झाली. बायका बघायला आल्या. कुणीतरी म्हणालं, तांबड्या मातीचा हात आहे, खाऱ्याला काय कळणार. हसल्या सगळ्या. मीही हसले. आत काय झालं ते सोडा.

एकटी हसली नाही ती वैनी. माझी थोरली जाऊ. ती मांद्र्याची, समुद्राच्या बाजूची, तिचं माहेरही खाऱ्या जमिनीचं. तिने माहेराहून पेडण्याकडच्या मिरचीचं बी आणलं होतं, आखूड, लालभडक, अशी की हुमणात, म्हणजे माशाच्या कढीत, दोन घातल्या तर सगळं घर नाक पुसतं. ती मिरची आमच्या खाजनात तिने लावली आणि ती लागली. गावात म्हणायचे, वैनीच्या हाताला गुण आहे. आमच्याकडे ही नुसती बोलायची गोष्ट नाही. नवा माड लावायचा तर खड्ड्यात पहिली माती वैनीची. कैऱ्यांच्या लोणच्यात मीठ घालायला शेजारणी तिला बोलावून न्यायच्या, तिच्या हातचं मीठ पडलं की लोणचं नासत नाही म्हणून. मिरची लावायला सुरुवात करायची तर आधी वैनीने एक रोप लावायचं, मग बाकीच्यांनी.

माझी रोपं मेली त्या संध्याकाळी ती माझ्या वाफ्यावर आली. स्वतःची थोडी रोपं आणली होती. माझ्या शेजारी बसून लावायला लागली, आणि मला म्हणाली, "हातान न्हय गो, आंगठ्यान दाब. रोपाक कळूंक जाय, कोण लायता तें." रोपाला कळायला हवं कोण लावतंय, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं म्हणे, मांद्र्याच्या शेतात, लहानपणी तिचा अंगठा स्वतःच्या हाताने ओल्या मातीत दाबून. दुसऱ्या दिवशी माझा वाफा हिरवा होता आणि लोकांना वाटलं रोपं सावरली. तिने कुणाला सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल की यावर माझा जीव जडला असेल तिच्यावर. जडलाही. पण खरं सांगू? मला तिचा राग आला. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चांगली वागली आणि वर तिला यायचं ते मला येत नव्हतं, आणि तिने तर शाळाही पुरी केली नव्हती. हे असलं पोटात ठेवून मी कितीतरी वर्षं तिच्यासोबत एकाच न्हाणीघरात, एकाच विहिरीवर, एकाच देवघरासमोर राहिले. चुली वेगळ्या झाल्या, अंगण एकच राहिलं. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की आमच्या दोघींत वाकडं काही नाही. खोटंही नव्हतं ते. वाकडं सगळं माझ्या एकटीत होतं.

मग काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात बांध फुटला.

भरती मोठी होती, वरून पाऊस, आणि मानशीच्या बाजूचा बांध रात्रीतून गेला. भात तर गेलंच, पण खारं पाणी आत येऊन कितीतरी दिवस साचून राहिलं. गावकऱ्यांनी बांध बांधला, पाणी काढलं, आणि खाली राहिली ती वरून पांढरी धरलेली जमीन. त्या हिवाळ्यात कुणीच मिरची लावली नाही. वैनीने मुळं दाखवायला म्हणून एक तण उपटलं, बोटांनी चुरगळलं आणि टाकून दिलं. ती मातीकडे असं बघत होती की ती आजारी माणसाच्या उशाशी बसलीय असं मला वाटलं.

त्यानंतर शेतीखात्याचं एक प्रशिक्षण झालं, बायकांच्या गटांसाठी. गटातून जायला दोघींची नावं होती, माझं आणि वैनीचं. वैनी म्हणाली, तू जा, तुला लिहिलेलं कळतं, माझ्या वाटचंही तूच ऐकून ये. मी गेले. आणि खरंच, तिथे मला कॉलेजच्या दिवसांसारखं झालं. शिकवणाऱ्या बाई मुळांवर राहणाऱ्या बुरशीबद्दल सांगत होत्या. मायकोरायझा. बुरशी म्हटलं की आपल्याला पावावरचा हिरवा थर आठवतो, पण ही तशी नाही. ही जिवंत मुळातच राहते, केसाहून बारीक धागे मातीत लांबवर पसरते, मूळ जिथे पोचत नाही तिथलं पाणी आणि अन्न आणून देते, आणि झाड तिला बदल्यात थोडी साखर देतं. खाऱ्या जमिनीत तर हिचा मोठाच आधार. मीठ पानांपर्यंत चढायचं बरंचसं थांबतं, झाड तग धरतं. आणि नुसतं तगत नाही. फळ भरतं, साल जाड होते, रंग चढतो, तिखटपणा मिरचीचा मिरचीला राहतो. आपल्या जमिनीत ही आधीपासून असतेच, पण खारं पाणी साचून राहिलं की कमी होते. म्हणजे आमच्या खाजनाचं नेमकं काय झालं होतं ते मला त्या खोलीत बसून कळलं. आणि त्या क्षणी, तुम्हाला म्हणून सांगते, मला मातीबद्दल आनंद झाला नाही. मला वाटलं, म्हणजे हाताचा गुण वगैरे काही नव्हताच तर. सगळी मुळातल्या बुरशीची करामत.

वाढवायची रीत सोपी होती. मातीच्या मोठ्या भांड्यात रेती-माती घालायची, त्यांनी दिलेलं थोडंसं बियाण्यासारखं मिसळायचं आणि वर नाचणी पेरायची. बुरशी एकटी जगत नाही, तिला जिवंत मूळ लागतं, म्हणून नाचणी. दोन-तीन महिन्यांनी पाणी तोडायचं, वरची नाचणी कापायची, आणि खालची मुळं मातीसकट बारीक करून सुकवून ठेवायची. तेच विरजण. लावणीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात एक चिमूट. मी दोन भांडी लावली, एक माझं, एक वैनीचं. वैनी रोज येऊन नाचणीला पाणी घालून जायची, दोन्हीकडे सारखं.

मे महिना आला. आमच्याकडे मे म्हणजे पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी. अंगणात, पायऱ्यांवर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथे ऊन पडेल तिथे काहीतरी वाळत असतं. कोकमाची सोलं, मिरच्या, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, पापड. हात आपोआप चालतो, वाळवायचं म्हटलं की पत्रा. मी वैनीच्या भांड्यातली मुळं कापली, माती मोकळी केली आणि सोलांच्या शेजारी पत्र्यावर पसरली. आमच्या घरात जन्मभर ज्याने त्याने सगळं तसंच वाळवलंय. मला त्यात काही चुकीचं दिसलंच नाही. दुपारभर मी दुसरी कामं करत होते. संध्याकाळी गोळा करायला शिडीवर चढले आणि त्या मातीत हात घातला, आणि झटकन मागे घेतला. चणे भाजायच्या रेतीसारखी तापली होती.

तेव्हा आठवलं. बाईंनी सांगितलं होतं, सावलीत. फक्त सावलीत. ही जिवंत वस्तू आहे, उन्हात मरते.

इथपर्यंत चूक होती, आणि चूक माणसाकडून होते. मी इथेच थांबले असते तर आज तुम्हाला हसत हसत सांगितलं असतं, की बघा बाई, पुरुमेंताच्या नादात मी शास्त्र पत्र्यावर भाजलं.

माझं भांडं मी दुसऱ्या दिवशी कापलं. ते घरात सुकवलं, जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, सावलीत, अगदी सांगितलं होतं तसं. दोन्ही पिशव्या भरल्या. वैनीची सुंभाने बांधली आणि माझी एका निळ्या चिंधीने. घरात सुंभ संपलं होतं म्हणून चिंधी, दुसरं काही नाही. पण त्यामुळे कुठली कुठली ते मला कायम ठाऊक राहिलं. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या. मेलेली माती आणि जिवंत माती, डोळ्यांना काही फरक नाही.

पावसाळाभर त्या पिशव्या माळ्यावर होत्या. मला जाता येता दिसायच्या. मला काय काय करता आलं असतं ते ऐका. वैनीला सांगता आलं असतं, ती हसली असती. माझी पिशवी निम्मी-निम्मी करता आली असती, दोघींना पुरली असती. प्रशिक्षणाच्या बाईंना फोन करून आणखी मागता आलं असतं. किंवा नुसतं एका कुंडीत त्यातलं थोडं घालून नाचणी पेरून बघता आलं असतं, जिवंत आहे की नाही. मी बी.एस्सी., मला मुळं बघता येत होती. मी बघितली नाहीत. बघितली असती तर नक्की कळलं असतं, आणि नक्की कळलं असतं तर मग काहीतरी करावं लागलं असतं. न बघता मला म्हणता येत होतं की सगळी थोडीच मेली असेल? थोडी तर उरलीच असेल की. असं मी स्वतःला सांगत होते आणि माझं मलाच पटत नव्हतं.

भात कापून झालं. जमीन वरून अजून पांढरी होती, पण लावायचं ठरलं. वैनी माळ्याखाली उभी राहून म्हणाली, माझी दे गो. मी शिडीवर चढले. दोन्ही पिशव्यांवर हात ठेवला. तुम्ही म्हणाल, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? काही विशेष नव्हतं. मोठा डाव वगैरे काही नाही. एवढंच, की एकदा तरी माझी चांगली येऊ दे. एकदाच. आणि मी सुंभाने बांधलेली खाली दिली.

ती पिशवी तिने दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी.

ठरल्याप्रमाणे पहिलं रोप तिने लावलं. तिच्या तुकड्यात तिने एकेक खड्डा घेऊन, चिमूट घालून, रोप ठेवून, अंगठ्याने माती दाबली. मी माझ्या तुकड्यात. आमचे तुकडे शेजारी-शेजारी आहेत, मध्ये नुसता एक पाय मावेल एवढा बांध. गटातल्या बाकीच्या बायकांनी त्या वर्षी लावलं नाही, त्या आमचं काय होतं ते बघायला थांबल्या होत्या. म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते झालं.

माझी रोपं आधी जरा रुसली आणि मग उठली. तिची रुसली ती रुसलीच. पानांच्या कडा आधी पिवळ्या झाल्या, मग भाजल्यासारख्या. झाडं गुडघ्यालाही लागली नाहीत. फुलं आली ती गळली. तिने काय केलं नसेल? लांबच्या गोड्या तळ्यावरून बालद्या भरून आणल्या, मीठ खाली जावं म्हणून. राख घातली. शेण घातलं. पहाटे उठून जायची. मी जनेलातून बघायची तिला, एका हाताला बालदी, दुसरा कंबरेवर. मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. वैनी, ती मेलेली होती, मी पत्र्यावर वाळवली. किती लागतं त्याला? मी पोदेर आला म्हणून पाव घ्यायला वळायची.

मिरच्या आल्या. माझ्या लाल, भरलेल्या, चकचकीत, उन्हात वाळल्यावरही रंग धरून. तिच्या थोड्याशा, वाकड्या, फिकट, साल कागदासारखी. तरी तिने त्या वाळवल्या, आणि तरी तिने त्यांचंच हुमण केलं. थोरले दीर जेवायला बसले आणि म्हणाले, आज तिखट विसरलीस काय? ते चेष्टेत म्हणाले. संध्याकाळी माझ्या दारात येऊन तिने मूठभर मिरच्या मागितल्या. मी सूप भरून दिल्या. वर म्हटलं, आणखी ने गो.

आणि आता मी तिथे आलेय, जिथे यायला इतका वेळ लावला. पिशवी देणं ही अर्धी गोष्ट आहे. ती एवढीच असती तर कदाचित मी कधीतरी सांगून टाकली असती.

शेवटच्या तोडणीला गटातल्या बायका शेतावर आल्या होत्या. मला विचारत होत्या, कसं केलंस, किती घातलंस, आम्हालाही दे. मी समजावत होते. धागे, मुळं, मीठ, साखर, सगळं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं होतं, सगळ्या माझ्या तुकड्यात उभ्या होत्या. वैनी मधल्या बांधावर. तिने तिचं एक झाड मुळासकट उपटून हातात धरलं होतं. ती खरंच विचारत होती, रागाने नाही, तक्रार म्हणून नाही, शिकणाऱ्याने विचारावं तसं.

"तुजें लागलें. माजें कित्याक ना गो? वखद तर तेंच."

तिचं का लागलं नाही? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवंती होती, आमची शेजारीण, तीही थांबली. मला उत्तर येत होतं. त्या शेतात उभ्या असलेल्यांपैकी ते फक्त मलाच येत होतं. आणि मी हसून म्हटलं,

"वखद तेंच मगे, वैनी. निमाणें सगळें हाताचेर आसता."

औषध तेच, शेवटी सगळं हातावर असतं. हे मी म्हटलं. मी, जी हाताच्या गुणाला मनातल्या मनात हसत होते. माझा ज्यावर काडीचा विश्वास नव्हता तेच मी उचललं, कारण तिचा होता. कुणी मला तसं बोलायला लावलं नाही. मी ते घाबरून बोलले नाही, चुकून तोंडातून गेलं नाही. मला माहीत होतं ते कुठे लागणार.

वैनीने हातातल्या झाडाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. म्हणाली, "जायत. हात म्हातारो जालो म्हणपाचो." आणि झाड बांधावर ठेवून घरी गेली. बायका पुन्हा मिरचीबद्दल बोलायला लागल्या.

त्या मे महिन्यात शेवंतीने लोणच्यासाठी तिला बोलावलं. वैनी म्हणाली, माझ्या हाताचं नको, शुभाला ने. शुभा म्हणजे मी. शेवंतीने आग्रह केला असेल थोडा, पण फार नाही. मी गेले. मीठ घातलं. लोणचं चांगलं झालं, लोणचं चांगलं व्हायचंच असतं. पुढे कुणाचा माड, कुणाची केळ, सगळीकडे मीच.

मी तिला परत उभं करायचा एकदा प्रयत्न केला. हे सांगताना मला बाकीच्यापेक्षा जास्त लाज वाटते. पुढच्या हिवाळ्यात मी भरपूर विरजण केलं, सगळं सावलीत वाळवलं. माझा बेत असा, की वैनीला जिवंत पिशवी द्यायची, तिची मिरची लागेल, लोक म्हणतील गुण परत आला, आणि मला काही बोलावं लागणार नाही. फुकटात सगळं सुटेल. मी पिशवी घेऊन तिच्या दारात गेले. तिने ती हातात घेतलीच नाही. म्हणाली, "ह्या वर्सा तूं लाय गो. माज्या हाताक गूण रवलो ना."

तिच्या तुकड्यात मी लावायचं, तिच्या हाताला गुण उरला नाही म्हणून. मी नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. ती म्हणाली, जमीन पडून राहील मग. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? दोघीच होतो, चहा उकळत होता, ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बरं.

तिच्या तुकड्यात मी लावली. तीच जमीन, तेच मीठ, तेच तिचं मांद्र्याचं बी. आणि लागली, माझ्यापेक्षा जोरात लागली. मला आत्तापर्यंत एक आधार होता, की कदाचित तिच्या तुकड्यातच मीठ जास्त असेल, तो मानशीच्या जवळ आहे. तोही गेला. आणि गावाला तर पुरावाच मिळाला. वैनीने लावली तर मेली, शुभाने लावली तर लाल झाली. आता कोण काय म्हणणार? ती स्वतः सगळ्यांना घेऊन जायची दाखवायला. बघा, आमच्या शुभाच्या हातची. तिच्या आवाजात जरादेखील वाकडेपणा नव्हता. तिला माझा अभिमान वाटत होता.

गेल्या वर्षी अंगणातली तुळस वाळली. नवं रोप थोरल्या सुनेने लावायचं, ही आमच्या घरची रीत. तिने मला हाक मारली.

आणि आता हे परवाचं. वैनीच्या भावाची मुलगी आली होती, मांद्र्याहून. त्यांची शेतजमीन बरीच वर्षं पडीक होती, घरात पाहुणे ठेवायचा धंदा चांगला चालतो, शेताकडे कोण बघतो. पण या मुलीला हौस आली. तिला मिरची लावायची होती, आपलं घरचं बी, आणि पहिलं रोप आत्याच्या हाताने. त्यासाठीच ती आली होती. आत्या, तू चल. आजी नेहमी तुझ्या हाताबद्दल सांगायची.

वैनी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हिका व्हर. हिचो हात बरो."

हिला ने, म्हणजे मला. मी तिथेच होते. मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघितलं. माझं तोंड उघडलं होतं, ते मला आठवतं.

आम्ही तिघी गेलो. मांद्र्याची ती जमीन मी पहिल्यांदाच बघितली. एका बाजूला नवी खोल्यांची इमारत, दुसरीकडे माड, मध्ये तो तुकडा, कोपऱ्यातून खारं पाणी झिरपत असलेला. वैनी चप्पल काढून आत आली आणि म्हणाली, इथे आई बसायची. एवढंच. मग बांधावर जाऊन उभी राहिली.

मी खाली बसले. पिशवीतून चिमूट काढली, चांगली, जिवंत, सावलीत वाळवलेली. खड्ड्यात घातली. रोप ठेवलं. आणि अंगठ्याने माती दाबली, मला शिकवलं होतं तशी. मुलीने फोटो काढला. मी दुसरं रोप घेतलं, तिसरं घेतलं. मधे एकदा मान वर केली.

वैनीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. पदर पातळ होता. मी दर वेळी माती दाबत होते तेव्हा आत तिचा अंगठा हलत होता, आपल्याच बोटावर दाबत. मी ते बघितलं, मान खाली घातली आणि पुढचं रोप लावलं.